पळता येत हुतं का तिला?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत घडलेली गोष्ट. संध्याकाळची वेळ. सात-आठ पोरं बसलेली. एकाच्या हातात कुठल्याशा पेपरची रविवार पुरवणी. तिच्यात एक पान होतं – 'जगातल्या अजब प्रथा'. असलं पान तुम्हीही कधी ना कधी वाचलं असेल. कुठं बाया गळ्यात पितळेची कडी चढवतात, कुठं मेलेल्या माणसाला महिनोन्‌महिने घरातच ठेवतात. प्रत्येक मजकुराखाली एक उद्‌गारचिन्ह. पोरगा मोठ्यानं वाचत होता, बाकीचे हसत होते. खोटं कशाला बोलू, मीही हसत होतो.

मग आला चीनचा फोटो. बाईचा बूट. मापाला शेजारी काडेपेटी ठेवलेली. बूट सगळा मिळून दोन काडेपेट्यांएवढा. पोरं खिदळली. एक जण म्हणाला, "च्यायला, काय येडी माणसं!"

आमच्याकडं झाडलोटीला एक म्हातारी येते. गडहिंग्लजकडची. सगळे तिला आजीच म्हणतात. तिला अक्षर येत नाही. तिनं झाडू बाजूला टेकवला, पेपर हातात घेतला, लांब धरून फोटो बघितला आणि विचारलं, "पोरानु, ह्या बाईला पळता येत हुतं का रं?"

कुणी काही बोललं नाही.

"न्हाई, म्हंजे मारझोड झाली, रातचं कोन अंगावर आलं तर... पळता येत हुतं का तिला?"

तरी कुणी बोललं नाही. आजीनं पेपर परत दिला. "माझ्या थोरल्या भनीचं पाय धडधाकट हुतं," ती म्हणाली. "तिच्या गळ्यात बांधल्यालं." आणि पुन्हा झाडायला लागली.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोरीच्या केसात जट झाली. तेल नाही, फणी नाही, दिवसभर शेण-गवत, मग जट होणार नाही तर काय होणार? पण गाव म्हणालं, देवीनं मागणं केलंय. सौंदत्तीच्या डोंगरावर नेलं, लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन गळ्यात बांधलं. लग्न देवाशी लागलं. म्हणजे नवरा कुणीच नाही आणि हक्क सगळ्यांचा. पाय धडधाकट असूनही आजीच्या बहिणीला पळता आलं नाही. पळून जाणार कुठं? ज्या गावात जावं तिथं गळ्यातले मणी आधी पोचलेले.

आजीनं एका प्रश्नात त्या अख्ख्या पानाचं हसं केलं. आमच्यासकट. म्हणून हा लेख.

०

पहिल्यांदा त्या पानाचा हिशेब करू.

'अजब' म्हणजे काय? जे माझं नाही ते अजब. खुर्चीत बसून खिडकीतनं जे दिसतं ते अजब. खुर्चीखाली काय आहे ते कधीच अजब नसतं. चीनच्या बाईचा पाय अजब. आणि गावकुसाबाहेरचा महारवाडा? ती 'ग्रामरचना'. येस्कर रात्रभर गावाची राखण करून सकाळी दारोदार शिळी भाकर मागत फिरायचा, ते 'बलुतेदारीतलं परस्परसहकार्य'. मेलेलं ढोर ओढायला महार, त्याचं कातडं कमवायला ढोर, त्याची चप्पल करायला चांभार आणि ती घालून देवळात जायला भलताच. ही 'श्रमविभागणी'. याच्याखाली कधी उद्‌गारचिन्ह बघितलंय?

हा धंदा जुना आहे. १८३४ साली न्यूयॉर्कात कार्न नावाच्या व्यापारी भावांनी आफाँग मॉय नावाची एक चिनी पोरगी आणली. चिनी सामानानं खोली सजवली, मधोमध तिला बसवलं आणि पन्नास सेंटचं तिकीट लावलं. लोक रांगेनं यायचे. तिचे बांधलेले पाय बघायचे. तिनं मधनंच उठून खोलीत चार पावलं चालून दाखवायचं. लोक चकचक करायचे, हळहळायचे आणि तिच्या भोवती मांडलेल्या चिनी मालावर डोळा ठेवून घरी जायचे. कारण तो मालच खपवायचा होता. त्याच साली त्याच अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांचे, त्यांच्या लेकरांचे भर चौकात लिलाव होत होते. ते 'अजब' नव्हतं. तो व्यापार होता.

रविवारचं पान म्हणजे ती तिकिटाची खिडकी. आणि दोस्तहो, आपण त्या खिडकीशी रांगेत उभे होतो. ज्यांच्या बापजाद्यांना आजवर दुसऱ्यांनी तमाशासारखं बघितलं, ते आपण.

०

आता त्या बुटाची खरी गोष्ट ऐका. त्या पानानं ती सांगितलेली नाही.

पाच-सात वर्षांची पोर. तिचा अंगठा सोडून बाकीची चारही बोटं तळव्याखाली दुमडायची. वरनं लांबच लांब ओली पट्टी आवळायची. पट्टी वाळली की आणखी आवळायची. बोटं मोडायची, पायाची कमान मोडायची, टाच आणि चवडा एकमेकांकडं ओढायचा. कातडी सडायची. कधी कधी पोर मरायची. दोन-तीन वर्षांनी पाय चार इंचांचा व्हायचा. त्याला नाव काय, तर सोन्याचं कमळ. बघा, पोरीचं हाड मोडलं की तिच्या वाट्याला एक सुंदर शब्द येतो. आपल्याकडं नाही का? बाईला गावात वाटून खायचं असलं की ती 'देवाची'. माणसाकडनं मैला उचलून घ्यायचा असला की तो 'हरीचा जन'.

हे साधारण हजार वर्षं चाललं. आणि बांधायचं कोण? आई बांधायची. पोर रात्रभर रडायची आणि आई पट्टी आवळायची. त्या आईला राक्षसीण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण तिचं गणित बघा. पाय बांधले नाहीत तर पोरीला चांगलं घर कोण देणार? शेजारणीच्या पोरीचे बांधलेत. सोयरीक जुळवणारी पहिल्यांदा पायच विचारणार. एकट्या आईनं माया केली तर त्याची शिक्षा पोरीला जन्मभर. रूढीचा सापळा असा असतो. आतली प्रत्येक बाई शहाणपणानं वागते आणि सगळ्या मिळून पोरी मोडतात.

कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची चैन होती. नव्हती. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोघी अभ्यासक बायांनी चीनच्या खेड्यापाड्यांत १८०० हून जास्त म्हाताऱ्यांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून काढल्या. पुस्तक आलं २०१७ साली. त्यातनं निघालेली गोष्ट अशी की गरिबांच्या पोरींचेही पाय बांधत होते, आणि बांधल्यावर त्यांना बसवत होते चरख्याशी, मागाशी. पाय मोडलेली पोर अंगणात पळत नाही, नदीवर जात नाही. एका जागी बसते आणि सूत काढते. तिचं सूत बाजारात जातं. 'कमळ' वगैरे वरची कविता. खाली हातांची कमाई होती. जिथं म्हणून संस्कृतीचा फार गजर चालतो तिथं खाली वाकून बघा, फुकटचं काम करणारे कुणाचे तरी हात सापडतील.

आणि याच चीनमध्ये हाक्का म्हणून एक समाज आहे. त्यांच्या बायांनी पाय बांधले नाहीत. त्या शेतात राबल्या, ओझी वाहिली. म्हणजे 'चिनी संस्कृती' असं एकसंध काही नव्हतंच. 'भारतीय संस्कृती' म्हणून कुणी छाती पुढं काढली की त्याला हेच विचारायचं. कुणाची, बाबा? तुझी की माझी?

०

मग ही रूढी मेली कशी? या लेखात एवढंच डोक्यात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

हुकमानं मेली नाही. सतराव्या शतकात मांचू बादशहानं बंदी घातली होती. कुणी जुमानली नाही. १६६८ साली ती मागे घ्यावी लागली. पुढं १९०२ साली राजमाता त्स-शीनं पाय बांधू नका म्हणून फर्मान काढलं. १९१२ साली नव्या प्रजासत्ताकानं बंदी घातली. शान्सी प्रांतात तर तपासनीस घरोघर फिरून बायांचे पाय बघायला लागले, दंड ठोकायला लागले. म्हणजे ज्या बाईचं हाड लहानपणी मोडलं, तिच्याच घरात पुन्हा परका पुरुष शिरणार, तिचीच पट्टी सोडायला लावणार आणि वर दंड घेणार. मोडलेलं हाड पट्टी सोडल्यानं जुळत नाही. सोडतानाही दुखतंच. सुधारणा वरनं आली की तिचा दांडा खालच्याच पाठीत बसतो, हे लक्षात ठेवा.

हसण्यानं मेली का? थोडं खरं आहे. खांग यौ-वेइ नावाच्या सुधारकानं १८९८ साली बादशहाला अर्ज केला. त्यात परदेशी लोक या रूढीवरनं आपल्याला हसतात याची लाज मांडली होती. पण ही लाज कुणाची? दरबारातल्या पुरुषांची. पोरीच्या पायातली कळ त्या लाजेत दुय्यमच. आजही परदेशात नाव खराब होतं म्हणून जातीबद्दल कुजबुजणारे आहेत. त्यांना जात गेलेली नको आहे, फक्त दिसायला नको आहे.

गिरणीच्या स्वस्त सुतानं घरचा चरखा मोडला, हे मोठं कारण आहे. आपल्यातल्या लाल मित्रांनी ते जरूर सांगावं. पण गिरणी आली म्हणून आपोआप जात गेली असती तर मुंबईच्या गिरण्यांतनं ती कधीच गेली असती. तिथं विणखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धागा तुटला की तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि त्याची थुंकी सवर्णाला बाटवायची. यंत्र विलायतेचं होतं, थुंकी मनूची.

तर मग आणखी काय झालं? माणसांनी एकत्र येऊन शपथ घेतली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चीनमध्ये पाय न बांधणाऱ्यांच्या मंडळ्या निघाल्या. काही मिशनऱ्यांनी काढल्या. १८९५ साली शांघायात मिसेस लिटल नावाच्या इंग्रज बाईनं एक काढली. १८९७ साली तिथंच चिनी सुधारकांनी आपली काढली. या मंडळ्यांच्या शपथेला दोन कलमं होती. पहिलं कलम: मी माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही. दुसरं कलम: मी माझ्या मुलाचं लग्न पाय बांधलेल्या मुलीशी लावणार नाही.

पहिलं कलम कुणीही चांगला माणूस घेईल. पण नुसतं पहिलं घेतलं तर आपली पोर बिनलग्नाची राहायची भीती. दुसऱ्या कलमानं सापळ्याची कळच निखळली. शंभर घरांनी दुसरं कलम घेतलं की शंभर मुलगे तयार होतात, ज्यांच्या घरात न बांधलेल्या पायांना जागा आहे. मग आईला माया करायची मुभा मिळते.

तिंगश्येन नावाच्या जिल्ह्यातली नोंद आहे. १८९० च्या आधी जन्मलेल्या बायांत शंभरात ९९ जणींचे पाय बांधलेले. १९१९ नंतर जन्मलेल्या पोरींत एकीचेही नाहीत. हजार वर्षांची रूढी तीस वर्षांत मातीत! हार्बिन शहरातल्या एका कारखान्यात तेवढे असले बूट नेमानं निघत राहिले ते १९९९ पर्यंत. ज्यांची हाडं आधीच मोडली होती त्या म्हाताऱ्यांसाठी. आपल्या पोरांनी बघितलेला बूट त्यातलाच एखादा असेल. ती बाई अजब नव्हती. ती उरलेली होती.

आणि तिच्यासारख्याच एकीचं नाव लिहून ठेवा. चिऊ चिन. लहानपणी पाय बांधलेले. तिनं ते स्वतः सोडले, १९०४ साली नवरा-घर मागे टाकून जपानला शिकायला गेली, परत येऊन बायांसाठी पत्र काढलं, बादशाहीविरुद्ध उठावात पडली. १९०७ साली तिचा शिरच्छेद झाला. मोडलेल्या पायांनी ती पळाली, आजी! पळून लपली नाही, उलट फिरली.

०

आजीच्या प्रश्नाला तराजू करा आणि जगभरच्या प्रथा त्यात घाला. बघा कशा झरझर वेगळ्या होतात.

घाना देशाच्या व्होल्टा भागात एवे लोकांमध्ये ट्रोकोसी म्हणून प्रथा. घरातल्या कुणी गुन्हा केला, देवाचा कोप झाला, की प्रायश्चित्त म्हणून घरातली कोवळी पोर देवस्थानाला द्यायची. गुन्हा काकाचा, शिक्षा पुतणीला. तिनं पुजाऱ्याच्या शेतात राबायचं आणि त्याच्या बिछान्यावरही. १९९८ साली तिथं याविरुद्ध कायदा झाला. पळता येत होतं का तिला? नाही. पळाली तर कोप घरावर. सौंदत्ती आणि व्होल्टा यांच्यामध्ये अख्खा समुद्र आहे. पण दोन्हीकडच्या देवांना शेवटी गरिबाचीच पोर लागते.

आता दुसरीकडचं बघा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वाक्वाकावाक्व आणि इतर मूळनिवासी. त्यांची पॉटलॅच ही रीत. लग्न असो, मृत्यू असो, मान घ्यायचा असो, ज्याच्याकडं आहे त्यानं सगळ्यांना बोलावून घोंगड्या, भांडी, धान्य वाटून टाकायचं. जो देतो तो मोठा. गोऱ्या सरकारला हे अजब वाटलं. मिळवलेलं वाटून टाकतात म्हणजे काय? १८८५ पासून कायद्यानं बंदी. १९२१ साली व्हिलेज आयलंड इथल्या पॉटलॅचवरनं लोकांना पकडलं, काहींना तुरुंगात धाडलं, त्यांचे मुखवटे जप्त करून म्युझियमांत नेऊन ठेवले. बंदी उठली ती थेट १९५१ साली. त्या लोकांतही उच्चनीच होतं, ते लपवू नये. पण सरकारला खुपलं ते उच्चनीच नव्हे. खुपलं ते वाटून टाकणं.

म्हणजे 'अजब' या एकाच शिक्क्याखाली मोडलेला पाय आणि वाटलेली घोंगडी दोन्ही बसवता येतात. म्हणून तो शिक्का आपल्या कामाचा नाही. आपल्याला विचारायचंय ते असं: अंग कुणाचं झिजतं? पोट कुणाचं भरतं? आणि 'नाही' म्हणून उठून जाता येतं का?

इथं एक शहाणा हमखास उभा राहतो. म्हणतो, "पण लोक स्वखुशीनं करतात हो!" कर्नाटकात कुक्के सुब्रह्मण्यच्या देवळात चंपाषष्ठीला मडे स्नान चालायचं. ब्राह्मणांची पंगत उठली की त्यांच्या उष्ट्या पत्रावळींवरनं बाकीच्यांनी लोळायचं. कातडीचे रोग जातात म्हणे. २०११ साली सरकारनं बंदी घालायचं म्हटलं तेव्हा मलेकुडिया या आदिवासी समाजातलेच लोक विरोधात उभे राहिले आणि सरकार मागे हटलं. झालं! शहाण्यांना केवढा आनंद. बघा, त्यांनाच हवंय. शेवटी तिथल्या विधिमंडळानं २०१७ साली अंधश्रद्धेविरुद्ध कायदा केला, त्यात ही प्रथा आली.

त्या शहाण्याला माझा एकच सवाल. मलेकुडियांची पंगत बसवा, त्यांना पोटभर वाढा, आणि त्यांच्या उष्ट्यावरनं ब्राह्मणांना लोळू द्या. स्वखुशीनं हं. रोग तर त्यांनाही होतात. किती जण येतात ते मोजा आणि मग माझ्याशी खुशीबद्दल बोला. पोटातनं जे शिकवलं गेलं त्याला खुशी म्हणत असाल तर चीनची आईही खुशीनंच पट्टी आवळत होती.

दुसरा शहाणा याच्याहून गोड बोलतो. त्याला 'लोकसंस्कृती जपायची' असते. महोत्सवात जोगतिणीला आणतो, डोक्यावर जग देतो, चौंडकं वाजवायला लावतो, फोटो काढतो, मानधनाचं पाकीट देतो. ती पुन्हा एसटीनं गावी जाते आणि कुणाच्या तरी दारात पसा पसरते. जपलं काय? वाद्य जपलं. बाईला तशीच ठेवली.

म्हणून आपल्यातल्या काहींनी रागानं हलगीच फेकून दिली. मला तो राग कळतो. गावाच्या मढ्यापुढं, पाटलाच्या वरातीपुढं सक्तीनं बडवलेली हलगी ती. पण तराजू तोच लावा. चौदा एप्रिलला पोरगा स्वतःच्या हौसेनं हलगी शेकून घेतो आणि मनात आलं की खाली ठेवतो. ती हलगी वेगळी. ठेवायची की फेकायची हे आपण ठरवू. पुरवणीवाल्यानं नाही, महोत्सववाल्यानंही नाही.

०

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्या घरात येतो.

बाबासाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या आयाबायांना सांगितलं, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका. आणि बायांनी तिथल्या तिथं नेसण बदललं. कुणी कायदा केला नव्हता. एकटीनं बदललं असतं तर गावानं फाडून खाल्लं असतं, सगळ्यांनी मिळून बदललं. १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलात त्यांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासींपुढं भाषण केलं. शब्द कडक होते. हे जिणं सोडा, असं तोंडावर सांगितलं. आणि १९५६ साली नागपूरला लाखोंच्या तोंडून एकदम बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. लाखोंच्या तोंडून का? एकट्यानं घेतलेली शपथ एकट्यालाच बुडवते, म्हणून.

पण दोस्तहो, आपण त्या शपथेचं पहिलं कलम घेतलं. देव नदीत सोडले. जट कापली. पोरीच्या गळ्यात मणी बांधायचं बंद केलं. छाती पुढं काढून सांगण्यासारखं आहे ते. पण दुसरं कलम? मुलाच्या लग्नाचं?

जातिसंस्थेवर खरा घाव आंतरजातीय लग्नाचा, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं. आपण ते पुस्तक मंचावर हातात धरतो. आणि घरी? घरी सोमवंशी सोमवंशीत, लाडवन लाडवनात, बावणे बावण्यात. साडेबारा पोटजाती आपल्या पंचशीलाच्या झेंड्याखाली रांगेनं उभ्या आहेत, एकही गळालेली नाही. मांगाची पोर सून म्हणून चालत नाही. चांभार-ढोर तर विचारूच नका. ब्राह्मणाची आणली तर मात्र वरात निघते आणि कार्यकर्ते कौतुकानं भाषणं करतात. हुंड्याला 'भेट' म्हणायला लागलो एवढीच क्रांती.

हे मी माडीवरनं बोलत नाही. माझं स्वतःचं लग्न पोटजातीत झालं. आणि आता धाकट्याला मुली बघणं चालू आहे. मामा एक वही घेऊन फिरतो. वहीत चौतीस पत्ते. चौतीसच्या चौतीस आपल्याच पोटजातीतले. मी ती वही चाळली, चहा प्यालो आणि मामाला एसटीत बसवून दिलं. त्याच रात्री भाऊ जवळ येऊन बसला. म्हणाला, "दादा, माझ्याबरोबर एक जण काम करते. मातंग आहे. तुझं काय म्हणणं?"

मी, दहा वर्षं मोर्चात घसा फोडलेला, म्हणालो, "बघू."

त्या 'बघू'ची मला लाज वाटते. 'बघू' म्हणजेच पट्टी. ओली करून आवळलेली. वाळली की आणखी आवळते. आईची भीती, मामाचा रुसवा, नातेवाइकांची तोंडं, सगळं त्या एका शब्दात. फोटोतल्या बुटाला मी हसलो होतो ना? माझ्या भावाचे पाय मी बांधत बसलो होतो. आणि त्या मुलीचेही.

म्हणून आता नुसता लेख नको. कागद काढला आहे. चीनच्या मंडळ्यांसारखी दोनच कलमं.

एक: आमच्या घरात कुणाच्या अंगावर, गळ्यात, केसात देवाची किंवा जातीची खूण बांधणार नाही.

दोन: आमच्या मुलाचं, भावाचं लग्न ठरवताना पोटजात विचारणार नाही. मुलगी मांग, चांभार, ढोर, भटकी-विमुक्त कुणाचीही असो, त्या कारणानं नकार देणार नाही. भेटीच्या नावाखालीही हुंडा घेणार नाही.

पहिली सही माझी. भावाला सांगितलं, 'बघू' मागे घेतला. मामाला वही घेऊन पुन्हा येऊ नकोस असं कळवलं. तो अजून बोलत नाही माझ्याशी. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली.

दुसरी सही म्हणून मी कागद आजीपुढं ठेवला. तिच्या प्रश्नानंच हे सगळं सुरू झालं होतं. वाचून दाखवलं. पहिल्या कलमाला तिनं जोरात मान हलवली. दुसऱ्याला थांबली. तिचा नातू पुण्याला कामाला आहे, लग्नाचा झालाय. आजीनं अंगठ्याला लावायची शाई बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"त्याच्या आयला ईचारून सांगते, बाबा. मी एकलीनं कसं करू?"

मला राग आला नाही. एकटीनं कसं करू, हेच तर चीनची आई म्हणत होती. या प्रश्नाला लेख लिहून उत्तर मिळत नसतं, त्याला सह्या लागतात. कागदावर आजीच्या अंगठ्यापुरती जागा मोकळी ठेवली आहे. तिच्या सुनेला दाखवायला मला शंभर घरांची नावं हवी आहेत.

वस्तीवस्तीतनं कागद फिरवा. आधी स्वतःच्या घरी.

जय भीम.